बिनतक्रार

मलकापुरात मेहबूबला ओळखत नाही असा माणूस त्या वर्षी एक तर तान्हा असायचा, नाही तर परगावचा. आठवडी बाजाराच्या मैदानात त्यानं दिवसरात्र सायकल चालवली होती. चालवली म्हणजे कुठं गेला नव्हता. बांबू रोवून आखलेल्या गोलात तो फिरत राहिला होता, पाय जमिनीला न टेकवता. सायकलवरच जेवला, सायकलवरच दाढी केली, सायकलवरच अंगावर पाण्याच्या घागरी ओतून घेतल्या. बाकीचं त्यानं कसं उरकलं यावर गावात पुष्कळ वाद झाले, आणि ज्यांनी जन्मात सायकलला हात लावला नव्हता त्यांची मतं सगळ्यांत ठाम होती.

खरं तर तो खेळ त्याचा नव्हताच. हैदराबादेकडचा एक उस्ताद आपला सायकलवाला घेऊन गावोगाव फिरत होता. मलकापूरच्या स्टेशनावर उतरतानाच त्या सायकलवाल्याला ताप भरला. मैदान आखलेलं, डफवाला ठरवलेला, लोक जमलेले. मेहबूबचं तेव्हा स्टेशनाजवळ पंक्चर काढायचं खोपटं होतं. उस्तादाची सायकल नीट करून देता देता तो म्हणाला, "मी बसतो." उस्तादानं त्याच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, बैल घेताना पाहतात तशा, आणि बस म्हणाला.

उस्ताद गोलाच्या आतून त्याच्याबरोबर चालायचा आणि हळू आवाजात बोलत राहायचा. पुढचा बांबू बघ, त्याच्या पुढचा बघू नको. किती झालं ते विचारू नको. आणि मुख्य म्हणजे, अंग तीनदा ओरडतं. पहिल्यांदा ओरडतं ते खोटं. दुसऱ्यांदा ओरडतं तेही खोटं. तिसऱ्यांदा ओरडलं तर मला सांग. मेहबूबच्या मांड्या ओरडल्या, कंबर ओरडली, डोळे ओरडले. तिसऱ्यांदा कोणीच ओरडलं नाही. म्हणजे ओरडलं असेलही, पण तोवर ऐकणारा कान बंद झाला होता.

शेवटी शेवटी त्याला आई दिसली. अमीनाबीला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ती बांबूपलीकडे पदर सावरत उभी होती आणि म्हणत होती, "उतर बेटा, पुरे झालं." मेहबूब रडत रडत तिच्यासमोरून फिरत राहिला, उतरला नाही. उस्तादाला सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, मन मोठं लबाड असतं, आपलं चालत नाही असं दिसलं की घरच्या माणसाला पुढं करतं. तिचंही ऐकायचं नसतं. मेहबूबनं ते मनात कोरून ठेवलं. ठेवायला नको होतं, पण लोकांनी खांद्यावर उचलून गावभर मिरवलेल्या माणसाला असलं काही सांगायला कोण जातो?

गावातल्या कापसाच्या जिनचे मॅनेजर वैजनाथपंत रोज संध्याकाळी खुर्ची टाकून हा खेळ बघत असत. पंत पुण्याकडचे, वऱ्हाडी बोलणं कानावर पडलं की त्यांच्या कपाळाला बारीकशी आठी पडायची. पण माणूस पारखायची नजर त्यांना होती. गुलाल धुवायच्या आतच त्यांनी मेहबूबला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "सायकलवर केलंस ते माझ्याकडे येऊन कर."

त्यानं केलं. जिनमध्ये रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर, बाया बसत, कापसातून सरकी निघे, रुई पलीकडे प्रेसमध्ये जाई आणि तिथं तिच्या दगडासारख्या गाठी दाबल्या जात. गाठीवर लोखंडी पट्ट्या आवळायचं काम मेहबूबला मिळालं. बोटं फुटत, खांदे उतरून हातात येत. तो पुढची पट्टी बघे, त्याच्या पुढची बघत नसे. जिथं धट्टेकट्टे गडी हंगाम अर्ध्यावर टाकून पळत, तिथं हा भोंगा झाला तरी उभाच. बघता बघता तो जमादार झाला. इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. आपल्या अंगाला खोटं पाडायचा हक्क ज्याचा त्याला असतोच.

पण जमादार झाल्यावर त्याला वाटू लागलं, हे सगळ्यांना शिकवलं तर? मग त्यानं जिनमध्ये नियमच करून टाकला. कोणी येऊन म्हणालं, "जमादार, पट्टा सटकून राह्यला," की हा विचारी, "कितव्यांदा?" पहिल्यांदा असेल तर परत जा. दुसऱ्यांदा असेल तरी परत जा. सुरुवातीला बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग शिकल्या. आणि गंमत अशी, की निम्म्या तक्रारी खरंच हवेत विरून गेल्या. पट्टा परत बसे, डोकं दुखायचं थांबे, खोकला येई आणि जाई. नागपूर सरकारचा इन्स्पेक्टर आला, त्यानं एकेकाला विचारलं, आणि कोणाचीही तक्रार नाही असं पंतांना सांगून चहा पिऊन गेला. पंतांची छाती फुगली. "मेहबूब," ते म्हणाले, "वऱ्हाडात अशी जिन दुसरी नसेल."

सगळ्यांत पक्का चेला घरातच होता. धाकटा भाऊ फारुख. अमीनाबी गेली तेव्हा तो दुपट्यात होता. मेहबूबनं त्याला सायकलच्या दांडीवर बसवून वाढवलेला. आता तो भावाच्या डोक्यावर गेला होता, मिशा पिळत होता. हंगाम संपला की बीबी गावच्या बानोशी त्याचा निकाह ठरलेला. जिनच्या गोदामाचं काम त्याच्याकडे होतं: गाठी थप्पीला लावायच्या, वॅगन आली की भरून द्यायच्या आणि राखणीला तिथंच झोपायचं. भाईचा शब्द म्हणजे त्याच्यासाठी वरच्याचा शब्द. पायात खिळा घुसला तरी हा लंगडत नसे, आणि भाई बघतोय का ते बघे.

एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कापसात गोटा आला आणि रेच्याच्या लोखंडावर आपटला, तर ठिणगी उडते. ती रुईत गेली आणि रुई दाबली गेली, तर गाठीच्या पोटात विस्तव राहतो. हवा नाही म्हणून भडकत नाही, आणि मरतही नाही; आतल्या आत खात बसतो. बाहेरून गाठ चांगली दिसते. म्हणून ठिणगी दिसली की सगळं थांबवायचं आणि त्या दिवशीच्या गाठी गोदामात न नेता कुंपणापलीकडे उघड्या पडीत ठेवायच्या, चांगले पंधरा दिवस. बाया त्याला म्हणत, गाठी बाहेर बसल्या. "कावया शिवला वं गाठीले," असं म्हणून एकमेकींना कोपरानं ढोसत, आणि पुरुष खाली बघत. पण थट्टा केली तरी त्या गाठींना हात कोणी लावत नसे.

त्या दिवशी वॅगना मिळायच्या होत्या आणि पंत सकाळपासून घामाघूम होऊन फिरत होते. प्रेस क्षणभर थांबली नव्हती. मेहबूबला तो जुना गोल आठवत होता. सगळी जिन आपल्याखाली एका चाकासारखी फिरते आहे असं त्याला वाटत होतं आणि फार बरं वाटत होतं. तेवढ्यात रुक्मिणीबाई उठून आली. रेच्यावरच्या बायांची ही म्होरकी. हसली की इंजिनाच्या आवाजातही ऐकू येई. आता हसत नव्हती.

"जमादार, ठिणगी उडाली. कापसात गोटा होता."

"पाह्यली?"

"या डोयानं पाह्यली. थांबवा."

"कितव्यांदा सांगून राह्यली बाई?"

ती एक पाऊल पुढं आली. मग म्हणाली, "हे तसलं नाई जमादार. ठिणगी होय थे."

मेहबूबनं जाऊन रुईत हात घातला. काही नव्हतं. नाक लावलं, काही नव्हतं. सगळ्या बाया बघत होत्या. थांबवलं तर त्या दिवशीच्या गाठी बाहेर काढायच्या, वॅगना रिकाम्या जायच्या, आणि नियम ज्यानं केला त्यानंच मोडला असं व्हायचं. "डोयात कचरा गेला असन," तो मोठ्यानं म्हणाला. "बसा रेच्यावर." दोन-चार जणी हसल्या. रुक्मिणीबाई गेली आणि बसली. संध्याकाळी गाठी गोदामात गेल्या. वॅगना आल्या त्या अर्ध्याच, आणि जुन्या गाठी भरून गेल्या. त्या दिवशीच्या गाठी मागच्या भिंतीला थप्पीतच राहिल्या, फारुखच्या झोपायच्या जागेजवळ.

त्या रात्री मेहबूबला झोप लागली. दुसऱ्या रात्री लागली नाही.

काही नाही, तो स्वतःला म्हणाला, मन लबाड आहे. पण गोदामाशेजारून जाताना त्याचं नाक आपोआप वर होऊ लागलं. जळका वास येतोय? येतोय. मग तो थांबून पुन्हा हुंगे. इंजिनाच्या कोळशाचा असेल. पुन्हा हुंगे. आता काहीच नाही. खरा वास कोणता आणि मनाचा कोणता, हे त्याला ठरवताच येईना. इतकी वर्षं अंगाला खोटं पाडत आलेल्या माणसाला अंग आता काही सांगतच नव्हतं. आणि सांगत असलं, तरी याचा विश्वास बसत नव्हता. 

मग त्याच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. जिन फार गप्प होती. यंत्रांचा खडखडाट होताच, पण माणसांचा आवाज नव्हता. पट्टा सटकला तर बाया मुकाट्यानं चिंधी बांधून बसत. इंजिनवाला मोतीराम भाजलेला हात फडक्यात गुंडाळून काम करत होता, मेहबूबनं विचारलं तर म्हणाला, "बरं हाये जमादार." ज्याला विचारावं त्याचं बरंच होतं. पूर्वी त्याला याचा अभिमान वाटायचा. आता ते बरं-बरं त्याला ऐकवेना. एवढ्या मोठ्या कारखान्यात कुठं काय चाललंय हे त्याला कळायचा एकही रस्ता उरला नव्हता, आणि रस्ते त्यानंच बुजवले होते.

शेवटी तो रुक्मिणीबाईकडे गेला. दुपारची सुट्टी होती; ती भिंतीच्या सावलीत ज्वारीची भाकर मोडत बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. जमादार असा खाली बसलेला कोणी पाहिला नव्हता.

"बाई, त्या दिवशी ठिणगी खरंच उडाली होती काय?"

"नाई," रुक्मिणीबाई म्हणाली.

"नाई?"

"कचरा गेला होता डोयात. तुमीच सांगतलं ना."

"मी काय सांगतलं थे सोड. तू काय पाह्यलं थे सांग."

तिनं घास खाल्ला, पाणी प्यायली. रागाचं काही दिसत नव्हतं तिच्या चेहऱ्यावर. राग असता तर बरं झालं असतं. "जमादार," ती म्हणाली, "मी कायले पाहू? मले पोट हाये. पाहनं तुमचं काम, बसनं माहं काम." आणि उरलेली भाकर फडक्यात बांधून ती उठली. मेहबूब तिथंच बसून राहिला. ती खरं बोलते की खोटं, हे विचारायचं तोंड त्याला नव्हतं.

तो तडक पंतांच्या खोलीशी गेला. आत जाऊन सांगायचं, ठिणगी उडाली होती, मी थांबवलं नाही. दारात त्याचे पाय अडकले. पंत कोणा पाहुण्याला सांगत होते, "आमच्या जमादाराची पद्धत अशी आहे की..." आणि त्यांनी मेहबूबला पाहून हसून हात हलवला. उद्या सांगू, त्याला वाटलं. अजून काही झालेलं नाही. एवढे दिवस गेले म्हणजे विझलं असेल. तो परत फिरला. या एका फिरण्याबद्दल मला त्याचा राग येतो. बाकी सगळं मी समजून घेईन.

तिथून तो गोदामात गेला. निदान फारुखला चार दिवस घरी झोपायला सांगावं, हा विचार. बाहेर ऊन होतं आणि आत थप्प्यांमधून गार अंधार. फारुख सुतळीनं गोणपाट शिवत बसला होता. डोळे लाल, आणि मधूनच खोकत होता. भाऊ दिसताच खोकला गिळला.

"काऊन खोकून राह्यला?"

"काही नाई भाई."

"आजपासून घरी झोप."

"काऊन? मी थकलो नाई."

"थकला म्हून नाई बे. इथं... कसला वास-बिस येते काय?"

फारुख दाभण गोणपाटात खोचून थांबला. भावाच्या तोंडाकडे बघत राहिला. हा परीक्षा घेतोय की खरंच विचारतोय, याचा अंदाज घेत होता. मेहबूबनं त्याचा खांदा धरला. "फारुख, अम्मीची आन. सांग."

आणि फारुख हसला. पास झालेल्या पोराचं असतं तसं हसू. "येते ना. पहिल्याच दिवसापासून येऊन राह्यला. पण मी कोणाले बोललो नाई भाई. म्हटलं, पहिल्यांदा आला, जाऊ दे. मग डोये चुरचुरले, म्हटलं जाऊ दे. आता तर सवय झाली." मग तो भिंतीकडच्या थप्पीकडे बोट करून, जरा लाजत, म्हणाला, "अन् तठी एक गाठ हाये, मस्त गरम लागते. थंडीत रातच्याले तिलेच पाठ लावून झोपतो मी."

मेहबूबनं त्या थप्पीकडे पाहिलं. तो काही बोलायच्या आतच फारुख तिकडे निघाला होता, भावाला ती गाठ दाखवायला. "नको," मेहबूब म्हणाला, आणि लगेच ओरडला, "फारुख, बाहेर चल! हात नको लावू!" फारुखनं मागं वळून पाहिलं. भावाचा चेहरा पाहून एकदाचं त्याला सगळं समजलं. समजलं, म्हणून तो पळाला नाही. गोदाम त्याच्याकडे होतं, भाऊ जमादार होता, आणि कोणती गाठ ते फक्त त्यालाच ठाऊक होतं. "मी काहाडतो भाई," असं म्हणत त्यानं लोखंडी आकडा गाठीत घातला आणि सगळं अंग टाकून ओढली.

आतून पोखरलेली गाठ पट्ट्यांतून निसटली आणि उघडली. इतके दिवस तिला हवाच मिळाली नव्हती. आवाज मोठा झाला नाही. नुसता एक दम सोडल्यासारखा झाला आणि थप्पी उजळली. वरच्या गाठी घसरल्या. फारुख पालथा पडला आणि त्याच्या पाठीवर ते सगळं आलं.

मेहबूबनं त्याला कसं ओढून काढलं, ते त्याला कधीच आठवलं नाही. बाहेर ओरडा झाला, यंत्रं बंद पडली, बायांनी घागरी आणल्या. गोदाम जायचं ते गेलं. रुक्मिणीबाईनं आपलं पातळ फाडून भिजवलं आणि फारुखच्या पाठीवर टाकलं, टाकताना ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पाह्यली होती मी, पाह्यली होती." कोणाला सांगत होती कोण जाणे. मेहबूबला ऐकू येत होतं.

दवाखान्यात फारुखला पालथं निजवलं. डॉक्टरांनी वाकून विचारलं, "फार दुखतंय का?"

"नाई दुखत," फारुख म्हणाला.

डॉक्टरांनी मेहबूबला व्हरांड्यात नेलं. म्हणाले, "दुखत नाही म्हणतो, हेच वाईट आहे. भाजणं फार खोल गेलं की दुखणं मरतं. शिवाय धूर छातीत आहे. घरचं कोणी असेल तर बोलावून घ्या." घरचं दुसरं कोणी नव्हतं. बीबीला निरोप धाडायला एक माणूस पंतांनी दिला. तो पोचेपर्यंत काय होणार, हे माणूस देतानाच सगळ्यांना माहीत होतं.

मेहबूब खाटेशी खाली बसला, भावाच्या तोंडाशी तोंड आणून. फारुखनं ओठ दातांत धरले होते. त्याला खरंच काही कळत नाहीये, की तो सोसतोय, हे मेहबूबला ओळखू येईना. दुखत नसेल तर भाऊ चालला. दुखत असेल तर तो मेहबूबपायी गप्प पडून राहिला होता. दोन्हींतलं कोणतं मागावं, तेही त्याला कळेना.

"दुखते काय रे?"

फारुखनं डोळ्यांनीच नाही म्हटलं.

"सांग ना बेटा. दुखत असन तर ओरड. कोणी काही म्हणत नाई. मी ऐकतो."

फारुख भावाकडे बघत राहिला. मिशीखाली ओठ पांढरे पडले होते.

"ओरड बे! एक डाव ओरड!" मेहबूब म्हणाला, आणि मग तोच ओरडू लागला. मैदानात जे आत दाबलं होतं, रेच्यांसमोर, थप्प्यांच्या अंधारात, ते सगळं एकदम बाहेर आलं. तो फरशीवर डोकं आपटून गुरासारखा हंबरत होता. रस्त्यावरची माणसं थांबली. जिनच्या बाया पायऱ्यांवर बसल्या होत्या, त्या उठून खिडकीशी आल्या. डॉक्टरही दारात उभे राहिले.

फारुखनं मोठ्या कष्टानं हात खाली सोडला आणि भावाच्या केसांवर ठेवला.

"गप ना भाई," तो म्हणाला. "लोक पाहून राह्यले."